मैनेच्या दंडावरचा आठवा दिवस

उंबरगडच्या बाळराजांचे जावळ काढले ते शके १७६१, विकारी संवत्सर. पाडव्यानंतर पाचव्या दिवशी समारंभ झाला, आणि त्या जेवणावळीच्या पत्रावळी ओढ्यातून वाहून जायच्या आत गडाखालच्या पेठेत पहिल्या दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले.

डहाळे लागले म्हणजे त्या घरात देवी आली. मग त्या घरात फोडणी पडत नसे, तेथून विस्तव कोणी मागत नसे, आणि परका माणूस उंबरा ओलांडत नसे. सरकारचा शिपाई असला तरी तो बाहेर वहाणा काढी, हात जोडी आणि मागे फिरे. ही चाल पिढ्यांची होती. ती कोणी मोडल्याचे कोणाला आठवत नव्हते.

त्या चैत्रात रोज पहाटे उजाडता उजाडता राणी दर्याबाईसाहेब तटावर येऊन उभ्या राहत. खाली धुके असे. ते विरळ झाले की पेठेची घरे एकेक दिसू लागत, आणि राणीसाहेब हिरवी दारे मोजत. पहिल्या दिवशी तीन होती, पुढे सात झाली, मग अकरा. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी देवीनेच गेले होते. मागे तीन वर्षांचे बाळराजे तेवढे उरले. बाळराजांना काही झाले तर गादी चुलत दीर बजाजीराव यांच्याकडे जाणार, हे गडावरच्या कावळ्यालाही ठाऊक होते. कारभार बजाजीरावांच्याच हाती होता आणि शिबंदीतले निम्मे लोक त्यांचे मीठ खात होते.

राणीसाहेबांनी कंपनीच्या छावणीकडे जासूद पाठवून दंडावर लस टोचून देवी काढणारा माणूस मागवला. तो आला पायी, छत्री आणि एक लाकडी पेटी घेऊन. नाव एलोजी, रोह्याकडचा शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या यहुदी तेल्यांपैकी. दरवाजावरच्या पहारेकऱ्याने त्याला डिवचले, ‘‘काय रे तेल्या, घाणा सोडून लोकांचे दंड पिळायला निघालास?’’

‘‘घाण्याचा बैल निदान वाद घालीत नाही,’’ एलोजी म्हणाला आणि छत्री मिटून आत गेला.

त्याची एक चूक झाली. विचारले तेवढे सांगावे, ही दरबारची रीत त्याला माहीत नव्हती. भर सदरेवर, बजाजीरावांच्या समोर, त्याने सगळी कृती उलगडून सांगितली. काचेत आणलेली लस उन्हाने बहुतेक मेली आहे. उरली ती तीन दंडांवर टोचून पाहू. ज्याचे धरेल त्याच्या दंडावर फोड येईल, तो आठव्या दिवशी पिकेल, आणि त्या फोडातली लस त्याच दिवशी बाळराजांना टोचली पाहिजे. आणखी एक दिवस गेला तर फोड सुकेल आणि लस वाया जाईल. छावणीतही आता लस उरलेली नाही, नवी येऊन इथे पोचायला महिना लागेल.

बजाजीरावांनी लक्षपूर्वक ऐकले आणि विडा उचलला.

टोचून घ्यायला गडावरचे कोणी पुढे होईना. पुढे झाली पेठेतली ठकू कासारीण. राणीसाहेबांच्या लग्नात हिरवा चुडा तिनेच भरला होता. तिची दोन मुले मागल्या फेऱ्यात देवीने गेली होती आणि पाच वर्षांची मैना तेवढी उरली होती. चैत्र पौर्णिमेला एलोजीने ठकूला, मैनेला आणि त्यांचे पाहून तयार झालेल्या एका म्हाताऱ्या भालदाराला टोचले. चौथ्या दिवशी पाहिले तर ठकूचे धरले नव्हते, भालदाराचेही नव्हते. मैनेच्या दंडावर मात्र मसुरीएवढा लाल फोड उठला होता. एलोजीने ठकूला बजावले, की पोरीला आता धोका नाही, पण तुझा दंड कोरा आहे, हिरव्या दारांपासून लांब राहा. एवढे सांगून, आठव्या दिवशी पोरीला वर घेऊन ये असा निरोप ठेवून, तो बाळराजांची प्रकृती पाहायला गडावर गेला.

त्याच दिवशी बजाजीरावांनी दवंडी पिटवली. दवंडी अशी होती: देवी ज्या वाटेने येते ती तिची वाट आहे, ती वाट जो कोणी अडवील, तो सरकारचा गुन्हेगार. रोख टोचण्यावर होता. लोकांनी माना डोलावल्या. नागोजी जमादाराला मात्र त्यांनी एकांतात वेगळा हुकूम दिला. पोरीला मारायचे नव्हते, छळायचेही नव्हते. फक्त तीन दिवस रानातल्या चौकीत ठेवून घ्यायचे होते. एवढ्या सौम्य हुकमाचे पाप कोणाला लागणार, असे नागोजीला वाटले आणि तो निघाला.

वद्य षष्ठीच्या दुपारी सहा शिपाई कासारवाड्यात शिरले. ठकू मागल्या दाराने मैनेला कडेवर घेऊन निघाली. समोर ओढा उघडा होता आणि रानात नागोजीचीच चौकी होती. शिपाई शिरणार नाहीत असे पेठेत एकाच तऱ्हेचे घर होते. ती धावत गेली ती तुळसा साळिणीच्या दाराशी. त्या दाराला डहाळे होते, आत दोन पोरे फोडांनी भरून पडली होती.

तुळसा उंबऱ्यात आडवी झाली. ‘‘ठके, पाय टाकू नकोस. तुझ्या अंगावर कधी देवी आली नाही.’’

‘‘मैनेला टोचलंय. तिला काही होत नाही.’’

‘‘मी तुझं विचारते.’’

‘‘माझंही टोचलंय की.’’

‘‘धरलं नाही ते. सगळ्या पेठेला माहीत आहे.’’

गल्लीच्या तोंडाशी वहाणा वाजल्या. ठकू म्हणाली, ‘‘सरक, बाई. दोन गेली तेव्हा मी घरी बसून वाट पाहिली. या खेपेला बसायचं नाही.’’ आणि ती आत गेली.

नागोजी दारापुढे आला. पोरगी आत आहे हे त्याने ओळखले. तुळसाने पदर नीट केला आणि शांतपणे सांगितले, ‘‘आई आल्यात. पायताण काढा, आत या, दर्शन घ्या.’’ नागोजीने पायताण काढले, हात जोडले, आणि तो काही आत गेला नाही. त्याने गल्लीच्या दोन्ही टोकांना शिपाई बसवले. दोन दिवस काढायचे होते, ते त्याच्याच बाजूचे होते.

त्या दोन दिवसांत ठकूने तुळसाच्या पोरांच्या अंगावर कडुनिंबाच्या डहाळीने वारा घातला, त्यांना पाणी पाजले, त्यांची धडुती बदलली. दुसऱ्याच्या घरात राहून हात बांधून बसणे तिला जमणारे नव्हते. मैनेचा फोड ती दिवसातून चारदा पाही. तो मोत्यासारखा भरत चालला होता.

वद्य अष्टमीला उजाडले तेव्हा पेठेवर धुके होते आणि तुळसाचे धाकटे पोर रडायचे थांबले होते. तुळसा त्याच्यापाशी बसून होती. तिने न विचारता तांब्यात दहीभात भरला. देवीचे ठाणे बालेकिल्ल्यात होते, आणि देवीच्या घरातून थंड नैवेद्य तेथे न्यायचा ही रीत होती. ठकूने केस मोकळे सोडले, डोक्यावर आणि कमरेला डहाळे बांधले, मैनेला कडेवर घेऊन वरून तांबडे लुगडे पांघरले, आणि ‘आई उदे’ म्हणत ती सरळ गल्लीच्या मधोमध चालू लागली. शिपायांनी वहाणा काढल्या आणि भिंतीला पाठी लावल्या.

बातमी तिच्या पुढे धावली. बालेकिल्ल्याच्या दरवाजाबाहेर बजाजीराव पन्नास माणसांनिशी येऊन उभे राहिले. आत राणीसाहेबांचे हवालदार सुभानजी दिंडीपाशी, मोठ्या दरवाजातल्या लहान दारापाशी, उभे होते. पायऱ्या चढून ठकू वर आली तेव्हा तिला धाप लागली होती, पण ती थांबली नाही. बजाजीरावांनी हात आडवा केला.

‘‘बाई, लुगड्याखाली काय आहे ते उघडून दाखवा. मग खुशाल जा.’’

‘‘धाकले सरकार, आई आहे,’’ ठकू म्हणाली. ‘‘उघडी पाडायची असेल तर तुमच्या हातानं पाडा. मी कासारीण, मला वाट अडवायची छाती नाही. दवंडी ऐकली आहे मी.’’

बजाजीरावांनी आपल्या लोकांकडे पाहिले. त्या पन्नासांत अकरा जणांच्या घरांना डहाळे होते. सगळ्यांत आधी नागोजी जमादार खाली वाकला आणि त्याने वहाणा काढल्या, आणि मग कातड्याच्या वहाणा दगडावर ठेवल्याचा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होत गेला. आपल्याच दवंडीच्या शब्दांत सापडलेला तो कारभारी, ज्याला एका पोरीवरचे लुगडे उचलून दौलत घेता आली असती, तो दोन पावले मागे सरला.

दिंडी उघडली. ठकूने मैनेला उंबऱ्याच्या आत ठेवले आणि ती स्वतः मागे गेली, चांगली दहा पावले.

‘‘एलोजीदादा,’’ तिने हाक दिली, ‘‘पोरीला आधी न्हाऊ घाला. अंगावरचं सगळं जाळा. आम्ही दोन दिवस साळ्याच्या घरात होतो.’’

एलोजीला सगळे एका क्षणात समजले. तो बाहेर पाऊल टाकणार, तोच सुभानजींनी दिंडी लावली.

न्हाऊ घातलेल्या मैनेच्या दंडावरून लस घेऊन बाळराजांना टोचले तेव्हा सूर्य तटावर आला होता. बाळराजे रडले, मैनेने त्यांना आपला फोड दाखवला, आणि ते रडायचे थांबले. मग एलोजी राणीसाहेबांपुढे उभा राहिला.

‘‘सरकार, फोडात अजून थोडी लस आहे. ती बाहेर बसलेल्या बाईला आत्ता लागली तर ती वाचू शकेल. उद्या उपयोग नाही.’’

राणीसाहेबांनी झरोक्यातून पाहिले. ठकू पायरीवर बसली होती, आणि तिच्या अलीकडे बजाजीरावांची माणसे दरवाजाला भिडून उभी होती.

‘‘दार उघडले आणि ही माणसे आत घुसली तर? तुम्हाला बाहेर धरून ठेवले आणि बाळाचे धरले नाही, तर पुन्हा टोचणार कोण?’’

‘‘सरकार, तिचे नाव…’’

‘‘तिने माझ्या लग्नात चुडा भरला आहे. मला तिचे नाव सांगू नका.’’

उरलेली लस त्यांनी दाईच्या दोन मुलांना द्यायला लावली. दुपारी ठकू उठली, तिने दिंडीकडे एकदा पाहिले आणि ती पायऱ्या उतरून गेली. राणीसाहेब शेवटची पायरी दिसेपर्यंत झरोक्यात उभ्या होत्या.

बाळराजांचे धरले. वैशाख शुद्ध प्रतिपदेला त्यांचा फोड पिकला, आणि राणीसाहेबांनी हुकूम दिला, की राजाच्या दंडावरची लस पेठेतल्या मुलांना द्यावी. तोवर बजाजीरावांची माणसे दरवाजासमोरून पांगली होती. एलोजी पळत खाली उतरला तो आधी कासारवाड्यात गेला. ठकूच्या दाराला डहाळे होते. तिला तीन दिवसांपासून ताप होता आणि कपाळावर पुरळ दिसू लागले होते. तिने एवढेच विचारले, ‘‘बाळराजांचं धरलं का?’’ धरल्याचे सांगितल्यावर म्हणाली, की मग माझ्यावर लस घालवू नका, पुढच्या घरी जा.

तो पुढच्या घरी गेला. आठ-आठ दिवसांनी, दंडावरून दंडावर, त्या उन्हाळ्यात पेठेतल्या आणि वाड्यांतल्या एकशे चाळीस मुलांना टोचून झाले. मैना राणीसाहेबांजवळ वाढली. राणीसाहेब तटावर दारे पाहायला पुन्हा गेल्या नाहीत, आणि तो झरोका त्यांनी चुन्याने बंद करून घेतला.

बाळराजे शके १८०७ पर्यंत जगले. बजाजीराव शके १७८० साली वारले, म्हातारपणाने, अंथरुणावर. शेवटची अंघोळ घालणाऱ्यांनी पाहिले, तर त्यांच्या डाव्या दंडावर टोचल्याची जुनी खूण होती. तुळसा साळिणीचे धाकटे पोर चैत्र वद्य अष्टमीलाच गेले होते. ठकू कासारीण शके १७६१, वैशाख शुद्ध त्रयोदशीस, सकाळी, देवीने वारली.