उजेडातलं गंगावन

वहिनींच्या कचेरीत कुणी रडत आलं की वहिनी आधी खुर्ची देत, मग पाणी, आणि मग दम.

"आधी रडून घ्या, मग बोला. दोन्ही एकदम केलंत तर मला काहीच कळायचं नाही."

समोरच्या बाईंनी पदराने डोळे पुसले. त्या सिनेमात केशभूषा करत. सगळा स्टुडिओ त्यांना वेणीबाई म्हणे.

"गंगावन गेलं हो नायिकेचं! पेटीची किल्ली माझ्या कमरेला, म्हणून सगळे माझ्याकडेच बघतायत."

"गंगावन म्हणजे ते खोटे केस ना?" कोपऱ्यातून भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. थोरले भाऊ गेल्यावर शोधाची ही कचेरी वहिनींनी एकटीने चालवली, आणि भाऊजी मदतीला आले ते तात्पुरते. डोक्यावरचे केस पिकले, तरी ते अजून तात्पुरतेच होते.

"खोटे कशाने? कुणा बाईच्या डोक्यावर वाढलेलेच असतात," वहिनी म्हणाल्या. "उसने म्हणा हवं तर."

हकिगत अशी होती. घोडागाडीच्या काळातली एक प्रेमकथा, घराघरांत वाचलेली जुनी कादंबरी, तिच्यावर सिनेमा चालला होता. शेवटी नायक कायमचा समुद्रापार निघतो, नायिकेला घर सोडवत नाही, म्हणून ती आपली लांबसडक वेणी कापून त्याच्या हातात देते. तेवढा एकच प्रसंग उरला होता. आज संध्याकाळी सेट मोडायचा होता, आणि सकाळीच गंगावन नाहीसं झालं होतं.

"संध्याकाळपर्यंत मिळालं नाही तर माझं नाव पोलिसांत देणार म्हणतायत," वेणीबाईंचा आवाज पुन्हा भरून आला. "एकदा चोर म्हटलं की मला कोण आपल्या केसांना हात लावू देईल?"

"ओळखायचं कसं ते?"

"मधली एक बट तांबूस आहे, जन्माचीच. मी ती काळी करणार होते, पण आमचा दिवेवाला म्हणाला, राहू द्या, उजेडात छान दिसते."

"आणि आणलं कुठून?"

"एक बाई स्वतः येऊन देऊन गेली. खूप आजारी होती. म्हणाली, औषधांनी हे गळणारच आहेत, त्याआधी काढून घ्या. पण सिनेमातच लावा, उजेडात राहू देत. नाव काही सांगितलं नाही."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत."

"तिच्या तोंडाकडे बघून विचारवेना."

वहिनींनी चष्मा डब्यात घातला. "चला भाऊजी. छत्री नको, डोकं घ्या."

*

स्टुडिओतला राजेशाही दिवाणखाना पुढून बघावा तर डोळे दिपत, मागून बघावा तर नुसत्या फळ्या आणि खिळे. जमिनीवर जाडजूड वायरींचं जाळं पसरलेलं. दोनदा ठेचकाळून भाऊजी दमले आणि सेटमागच्या एका पत्र्याच्या पेटीवर टेकायला गेले.

"अहो, नको नको!" एक सडपातळ माणूस धावत आला. "तिथं बसू नका. जादाचे बल्ब आहेत त्यात, कापसात ठेवलेत."

हाच दिवेवाला. भाऊजी सरकून शेजारच्या फळीला टेकले, तर कोपराखाली काहीतरी खळखळलं. रद्दी कागदात गुंडाळलेले बल्ब ओळीने मांडून ठेवले होते.

"इथंही बल्ब! या घरात माणसानं टेकायचं तरी कुठं?"

वहिनींनी फळीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि दिवेवाल्याच्या शर्टाकडे पाहिलं. शर्ट स्वच्छ होता, पण एक बटण निळ्या दोऱ्याने लावलेलं, दुसरं लाल.

"बटणं कोण लावतं हो तुमची?"

"मीच."

"घरी कुणी नाही?"

"आता नाही." तो खाली बघत होता.

"सकाळी काय झालं?"

"फ्यूज उडाला. वायरिंग जुनं आहे. सगळीकडे काळोख झाला. थोड्या वेळात मी नवा बसवला."

"अंधारात कुठं लागलं बिगलं नाही ना?"

"मला? नाही. का?"

"सहज विचारलं."

गंगावन गेलं ते त्याच अंधारात. वेणीबाईंनी पेटी उघडून मलमलीत गुंडाळलेलं गंगावन टेबलावर ठेवलं, तेवढ्यात दिवे गेले. उजेड आला तेव्हा टेबल रिकामं. मलमलसुद्धा गेली होती. तिथं होते चौघंच: वेणीबाई, नायिका, नायक आणि दिग्दर्शक.

नायिकेने आडपडदा ठेवला नाही. "मी घेतलं नाही मावशी. पण गेलं याचं मला वाईटही वाटलं नाही."

भाऊजींनी वहिनींना कोपराने ढोसलं. वहिनींनी त्यांचं कोपर बाजूला केलं.

"का गं बाई?"

"दिग्दर्शकांना खरे केस तुटताना दिसायला हवेत, कात्रीचा खरा आवाज हवा. कुणा आजारी बाईचे केस ते! माझा हातच चालेना. कालपासून आमचं भांडण चाललंय."

"अंधारात कुठं होतीस?"

"खुर्चीत, पाय वर घेऊन. या वायरींतून कोण चालेल?"

नायकाने चालायचा प्रयत्न केला होता. तो लंगडतच आला. "ही घाबरेल म्हणून उठलो आणि दुसऱ्याच पावलाला आडवा झालो. गुडघा फुटला."

"हिच्यासाठी का?" वहिनींनी गुडघा निरखला. "मग आयोडीन हिलाच लावू दे."

नायक कानापर्यंत लाल झाला. नायिका मात्र आयोडीन आणायला उठली.

दिग्दर्शकांचा पारा चढलेलाच होता. "कादंबरीत ती वेणी कापते म्हणजे कापते! नाहीतर लोक मला जोड्यानं मारतील. आणि पेटी उघडली कुणी? या बाईनं!"

"ओरडून केस उगवत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "आतापर्यंतचं चित्रण दाखवा बघू मला."

छोट्या पडद्यावर प्रसंगामागून प्रसंग सरकू लागले. वहिनी पुढे वाकल्या.

"हिच्या पाठीवर एवढा उजेड का?"

"तो दिवेवाल्याचा जादाचा दिवा. मी सांगितला नव्हता, पण सुंदर दिसला म्हणून राहू दिला."

"आणि इथं तो नाही."

"इथं ती लहान आहे, कापलेल्या केसांची."

"ही कोण पाठमोरी?"

"ती नायिका नाही. दिवे जुळवताना तिच्या जागी उभी राहते ती मुलगी. गंगावन लावून उभी केली होती." तिच्याही पाठीवर तो मऊ पिवळा उजेड होता.

भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. "वहिनी, सापडलं! दिवेवाला नायिकेच्या प्रेमात पडलाय!"

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "प्रेमात पडलेला माणूस तोंड सोडून पाठ कशाला उजळत बसेल?"

*

वहिनींनी बाकी सगळ्यांना चहाला पाठवलं. दिवाणखान्याच्या मखमली कोचावर दिग्दर्शक, नायक, नायिका आणि वेणीबाई बसले. दिवेवाला आपल्या दिव्यापाशी उभा होता.

"चोर असता तर नुसतं गंगावन उचलून पळाला असता," वहिनींनी सुरुवात केली. "वाटोळं करायचं असतं तर तिथंच कात्री चालवली असती. इथं मलमलीसकट नेलंय. म्हणजे नेणाऱ्याला ते जपायचं होतं. आता, अंधारात नेलं कुणी? ही खुर्चीत पाय घेऊन बसलेली. हा दुसऱ्या पावलाला आडवा. दिग्दर्शक काळोखभर एकाच जागी उभं राहून ओरडत असणार."

"होते," वेणीबाई म्हणाल्या.

"मी चौथी उरले ना पण!" त्याच पुढे म्हणाल्या.

"तुम्ही कशाला अंधाराची वाट बघाल? किल्ली तुमचीच. रात्रीच नेलं असतंत." वहिनींनी जमिनीकडे बोट दाखवलं. "या जाळ्यातून न अडखळता एकच माणूस चालू शकतो. ज्यानं ते अंथरलं तो. आणि अंधार करायलाही त्यालाच जमतं."

सगळ्यांच्या माना दिव्याकडे वळल्या. दिवेवाला हलला नाही.

"पण का?" दिग्दर्शक उठले. "याला बायकांचे केस काय करायचेत?"

"बसा. ते तुमच्या पडद्यावरच आहे. जादाचा दिवा नायिकेवर नव्हताच. आखूड केसांची नायिका आली की दिवा बंद. गंगावन लावलेली कुणीही उभी राहो, दिवा चालू. तांबूस बट काळी करू नका म्हणणाराही हाच. आणि ती आजारी बाई. केस द्यायला माणसाला शंभर जागा असतात. तिला सिनेमाच का हवा होता? कुणाच्या उजेडात राहायचं होतं तिला?"

वेणीबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"भाऊजी, फळीवरचे बल्ब आठवतात?"

"कोपराला अजून टोचतायत."

"नाजूक बल्ब रद्दीत गुंडाळून बाहेर पडलेत. मग कापसाच्या पेटीत काय निजलंय?"

दिवेवाला पेटी घेऊन आला. झाकण उघडलं. मलमल उलगडली. तांबूस बट दिव्याखाली पेटल्यासारखी झाली.

"माझी बायको रोज सकाळी खिडकीत केस विंचरायची," तो म्हणाला. "ही बट अशीच चमकायची. मला म्हणाली होती, केस टाकून दिले. ती गेली. मग इथं पहिल्या दिवशी दिवा लावला, आणि..." त्याने त्या बटेकडे बोट केलं. "रोज कामावर यायला बरं वाटायचं. आज कात्री लागणार होती. वेणीबाई, तुमच्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही. मला पोलिसांत द्या."

वेणीबाईंनी त्याचा हात धरला. "मेल्या, मला सांगायचंस तरी. मीच लपवलं असतं."

"पण माझा शेवट?" दिग्दर्शकांचा आवाज आता खाली आला होता. "कापायला तर हवंच."

"गंगावन मुळातच सुटं असतं हो," वहिनी म्हणाल्या. "गाठ सोडली की अख्खं हातात येतं. तुम्हाला कात्रीचा आवाजच हवा ना?"

नायिका उभी राहिली. तिने मानेमागे हात नेला आणि आपल्या खऱ्या केसांची एक बट पुढे ओढली. "कात्री इथं चालवते. माझे परत येतील."

*

दिवेवाल्याने स्वतः दिवा लावला. उजेड वेणीवर स्थिर पडला. कात्री करकरली, केसांची एक बट गळून पडली. नायिकेने वेणी नायकाच्या हातात ठेवली, आणि तो लंगडत लंगडत पाठ फिरवून निघाला. दिग्दर्शकांना ते लंगडणंही आवडलं.

"झालं!" ते ओरडले.

नायक थांबला नाही. चौकटीबाहेर आला, वायरी ओलांडत सरळ दिव्यापर्यंत गेला, आणि वेणी दिवेवाल्याच्या दोन्ही हातांत ठेवली. दिग्दर्शकांनी घसा खाकरला आणि ते छताकडे बघू लागले.

परतताना भाऊजींनी विचारलं, "वहिनी, तुम्हाला पहिल्यांदा संशय कधी आला?"

"बटणं बघून. दोन रंगांचे दोरे लावणारा माणूस एकटा असतो."

भाऊजींनी नकळत आपल्या शर्टावर हात ठेवला. वरून दुसरं बटण एका धाग्याला लोंबत होतं.

"उद्या तो शर्ट पाठवून द्या," वहिनी समोर बघतच म्हणाल्या. "पांढरा दोरा आहे माझ्याकडे."