आधी कोण?

वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलाशी एकच खुर्ची रिकामी होती, म्हणून मी तिथे बसले. समोरचा मुलगा कागदावर दोन ओळी लिहून त्यांची अदलाबदल करत होता... पुन्हा पुन्हा.

"काय करताय?" मला राहवेना.

"भाषा बनवतोय."

"का? आहेत त्या कमी पडल्या?"

तो हसला. कॉम्प्युटरची भाषा, म्हणाला. सूत्राच्या आत मधल्या पायऱ्यांना तेवढ्यापुरती छोटी नावं द्यायची, पण नियम असा – नाव वापरण्याआधी त्याचा अर्थ वरच्या ओळीत सांगितलेला हवा. आणि घोडं तिथेच अडलं होतं. संख्या सम कधी? तिच्या आधीची विषम असेल तेव्हा. विषम कधी? आधीची सम असेल तेव्हा.

"दोघींचं एकमेकींवाचून चालत नाही. वर कोणाला लिहू?"

"कोणालाच नको. एकाच चौकटीत शेजारी शेजारी बसवा."

त्याने मान वर केली... आणि कागदाकडे पुन्हा बघायचं विसरूनच गेला.

मग ती खुर्ची माझीच झाली. 'अहो'चं 'ए' झालं. वाचनालय सांभाळणारी माझी आत्या म्हणायची, "पुस्तक उलटं धरूनही वाचता येतं हो तुला!"

एका धुक्याच्या दुपारी तो म्हणाला, "लांबच्या शहरात नोकरी मिळतेय. आजच कळवायचंय."

"जाणार?"

"तू थांब म्हणालीस, तर नाही."

"तुला थांबायचं असेल, तर म्हणेन ना!"

"तुला हवं असेल, तर थांबायचंय—"

"तुला थांबायचं असेल, तर हवंय—"

बाहेर धुकं एकेक झाड पुसत होतं. नुसतं शेजारी बसून भागत नाही, हे मला तेव्हा उमगलं. सम विषमला विचारते, विषम समला... प्रश्न खाली खाली उतरतो आणि थांबतो शून्यापाशी. शून्य सम आहे, बस. त्यासाठी कोणालाच विचारावं लागत नाही.

कोणीतरी 'तर' नसलेलं एक वाक्य बोलायला हवं होतं.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "जा, नाहीतर राहा... आवडतोस."

त्याचे कान लाल झाले. "इतकं सोपं होतं?"

"सोपं? हात बघ माझा, कसा थरथरतोय!"

त्याने हात बघायला घेतला... तो सोडलाच नाही.

"तुला कळवायचंय ना?" मी पुटपुटले.

"कळवतोय की," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने फोनवर एकेक अक्षर शोधत नकार लिहू लागला.