अक्षताने मारलेल्या हाका

मोबाईल खिशात घाला आधी. कार्ल, तुझासुद्धा. आणि मनाली, मधेमधे "खरंच का काका" करायचं असेल तर आत्ताच घरी जा. मी इथे गच्चीवर थापा मारायला बसलेलो नाही. हे ज्याच्यावर बेतलं तो सहदेव माझा सख्खा मेव्हणा. भांडुपला राहतो. जाऊन विचारा हवं तर, पण तो तोंड उघडणार नाही. माझ्याजवळ बोलला तेही एकदाच.

हा सहदेव मूळचा मालवणचा, मरोळला एका गाळ्यात डबिंगचं रेकॉर्डिंग करायचा. परदेशी सिनेमांना मराठी आवाज द्यायचं काम. तेव्हा एक चिनी कार्टूनपट चालू होता, दिवाळीच्या सुट्टीत पोरांसाठी लागणारा. गोष्ट त्यांच्याकडची फार जुनी, आपल्या पुराणातल्यासारखी. एका बाईचा मुलगा नदीत पडतो. बाहेर काढतात, श्वास चालू असतो, पण पोरगा काही डोळे उघडत नाही. का, तर त्याचा जीव वाट चुकून भटकतोय. मग आई रात्री कंदील घेऊन दारात बसते आणि त्याला तीन हाका मारते. तिसऱ्या हाकेनंतर दारावर थाप पडते. ती धावत जाऊन दार उघडते, आणि आत अंथरुणावर पोरगा उठून बसतो.

त्या आईचा आवाज अक्षता देत होती. बोरिवलीची मुलगी, कामाला एकदम चोख, सहदेवला दादा म्हणायची. आणि नेमका तिचाच मुलगा, सहा वर्षांचा प्रांजल, तापानं बेशुद्ध पडला. ताप मेंदूत गेला म्हणाले. आठवडा झाला हॉस्पिटलात, पोरगं हलेना की बोलेना. तिचं डबिंग तिथेच थांबलं.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. रविवार होता. सहदेव कावळ्याला पान ठेवून, जेवून जरा लवंडला होता, तेवढ्यात अक्षताचा फोन.

"दादा, तो दाराचा सीन आज रात्री घेऊया."

"वेड लागलं काय गं तुला? पोराजवळ बस."

"आत एकालाच सोडतात. नितेश आहे त्याच्यापाशी." नितेश म्हणजे तिचा नवरा. "प्लीज दादा. नाही म्हणू नको. आजच."

त्याला वाटलं, बिचारी बाकड्यावर बसून बसून खचली असेल, घटकाभर कामात मन रमेल. चावी घेतली आणि निघाला.

दोघं साडेदहाला गाळ्यात पोचले. बाकी सगळे गाळे बंद, गेटवर एक वॉचमन तेवढा. सहदेवनं थर्मासमधला चहा दिला, तिनं तो तसाच ठेवला. आठवड्यात अर्धी झाली होती बाई. दोघांनी फोन बंद करून टेबलावर ठेवले. डबिंगचा तो नियमच असतो, फोनची घरघर माईकमध्ये येते म्हणून. मग सहदेवनं दार लावलं. ते दार म्हणजे काय, हातभर जाड आणि कडेनं रबर. बाहेर बेंजो वाजवला तरी आत कळायचं नाही. काचेपलीकडे माईकसमोर अक्षता, अलीकडे हेडफोन लावून सहदेव.

सीन सुरू झाला. पडद्यावर ती आई, तो कंदील. अक्षतानं पहिली हाक मारली.

"प्रांजल... ये रे बाळा! घरी ये!"

"अक्षता, नाव चुकला गो. सिनेमातल्या पोराचा घे."

"चुकलं नाही." ती काचेतून त्याच्याकडे बघत राहिली. "आठवडाभर त्याच्या कानाशी हाका मारल्या, दादा. ऐकत नाही तो. डॉक्टर आता माझ्याशी नजर मिळवत नाहीत. मला दुसरं काही सुचत नाही रे. पाया पडते तुझ्या, थांबवू नको."

तेव्हा कुठे सहदेवला कळलं, ही आज इथे कशाला आली. अमावास्येची रात्र, त्यात सर्वपित्री... नाही म्हणायला हवं होतं. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून कोण नाही म्हणेल? त्यानं चालू ठेवलं.

दुसरी हाक. "प्रांजल... आईकडे ये!"

मग शांतता. आणि हेडफोनमध्ये, खूप लांबून...

"आई..."

सहदेवनं हेडफोन कानाशी घट्ट दाबले. अक्षतानं ते ऐकलं होतं. ती रडत होती. हसत होती.

"ऐकलंस ना दादा? ऐकलंस ना?"

"नको. आता पुरे. अक्षता, नको..."

तिनं तिसरी हाक मारली. हाक कसली, किंकाळीच ती.

काही नाही.

काहीच नाही.

मग दारावर थाप.

त्या दारावर. ज्यातून काही ऐकू येत नाही, त्या दारावर. बारीक, पोराच्या मुठीची.

"आई... दार उघड ना..."

अक्षता धावली. सहदेव तिच्या आधी पोचला. दाराला पाठ लावून उभा राहिला. मालवणचा माणूस तो. लहानपणापासून एकच ऐकलेलं. अवसेच्या रात्री ओळखीच्या आवाजात कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. दार उघडायचं नाही. ते आपलं माणूस नसतं.

"उघडू नको गो! तो तुझो झील नाय!"

"माझाच मुलगा आहे! सोड मला, दादा!" तिनं त्याला ओरबाडलं, बुक्क्या मारल्या. तो हलला नाही. मागून थापा चालूच. पाठीला जाणवत होत्या.

"आई... थंडी वाजते..."

एक थाप.

मग एक.

मग...

अक्षता खाली बसली. किती वेळ गेला, कोणाला ठाऊक. सहदेवनं दार उघडलं. पॅसेज रिकामा. ट्यूबलाईट जळत होती.

तिनं फोन चालू केला, लगेच वाजला. नितेश.

"कुठे होतीस तू? किती फोन केले! ओठ हलले होते त्याचे. तीनदा आई म्हणाला, अक्षता... नर्सनंसुद्धा ऐकलं. आम्हाला वाटलं, शुद्धीवर येतोय... गेला गं... आत्ताच गेला."

सहदेव तिला घेऊन हॉस्पिटलात पोचला. ती पोराला मिठी मारून बसली. सहदेवकडे तिनं पाहिलंही नाही. नितेशनं त्याला बाजूला घेतलं. पोराची चादर थोडी सरकवली.

"दादा, संध्याकाळपासून हा हात मी सोडला नव्हता. माझ्याच हातात होता. मग हे कसं झालं?"

पोराचा उजवा हात. चारही बोटांची पेरं सोलून निघालेली, रक्त साकळलेलं.