बोटाएवढा म्हातारा

पूनमच्या म्हाताऱ्याकडे पहिल्यांदा कुणी नीट पाहिलं, ते एका अनोळखी माणसानं, आणि तेही फोनवर. म्हातारा म्हणजे तिनं रंगवलेली बोटाएवढी मूर्ती – खांद्यावर घोंगडी, हातात काठी, थेट तिच्या मेंढपाळ आजोबांसारखी, गेणबा आबांसारखी. शिरूरच्या ज्या चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती, तिथं गिऱ्हाईक नसलं की ती भिंगाखाली असल्या मूर्ती रंगवायची. मग छोट्या मूर्ती रंगवणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकून विचारायची, कसं झालंय? बदाम, फुलं, ‘लई भारी’ यांचा नुसता सुकाळ व्हायचा. पण म्हाताऱ्यात जीव का येत नाही, हे काही कुणी सांगत नव्हतं.

एके दिवशी मात्र दौंडच्या कुणा सार्थकनं लिहिलं, "तुमचा म्हातारा घाबरल्यावानी का बघतोय?"

पूनमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आला मोठा शहाणा. तरी तिनं भिंग लावलं… आणि पाहिलं, तर बुबुळाच्या चारी बाजूंनी पांढरं राहिलेलं. म्हातारा खरंच दचकला होता. तिनं मुकाट्यानं विचारलं, मग काय करू? त्यानं सांगितलं, बुबुळ वरच्या पापणीला टेकवा. फोटो बल्बखाली नको, दाराशी उजेडात काढा. आणि नुसतं ‘कसं झालंय’ विचारलं तर लोक ‘छान’च म्हणणार, जिथं अडलंय तेवढंच विचारा.

तिनं बुबुळ टेकवलं. म्हातारा शांतपणे लांब माळाकडे बघू लागला, आणि पूनम म्हाताऱ्याकडे.

तिथून पुढं ती अडलेलंच विचारू लागली. घोंगडीची घडी सपाट का दिसते, सावली कुठं धरू… सार्थक कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला होता. जेवणाच्या सुट्टीत त्याचं उत्तर यायचं, आणि पूनमला दुपारचं रखरखीत ऊनसुद्धा गोड वाटायचं. गोडगोड बोलायचं नाही, पण रंगाच्या एका थेंबावर तासभर बोलायचं, ही त्याची तऱ्हा तिला फार आवडली होती. हसत कसा असेल हा… असं मनात आलं, की तिचा ब्रश पाण्याऐवजी चहात बुडायचा.

मग एकदा ग्रुपची मंडळी दौंडला स्टेशनजवळच्या हॉटेलात जमली. सार्थक उंच, सावळा, आणि समोरासमोर भलताच लाजरा निघाला. त्यानं तिचा म्हातारा तळहातावर घेतला, एकदा तिच्याकडे पाहिलं – आणि नजर खाली घातली. एवढंच झालं.

पण दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडून एकच शब्द येऊ लागला. मेंढी पाठवली, छान. कुत्रं पाठवलं, छान. पूनमला वाटलं, आपल्याला पाहून याचं मन उडालं की काय? एकच माणूस खरं बोलणारा मिळाला होता, तोही चारचौघांसारखा झाला. शेवटी तिनं मुद्दाम एका बाईच्या मूर्तीचे डोळे दोन दिशांना रंगवले आणि फोटो पाठवला. उत्तर आलं, लई सुंदर.

तिला रडूच फुटलं. डोळे पुसून तिनं लिहिलं, रविवारी दुकानात या.

तो आला. तिनं मूर्ती आणि भिंग त्याच्यापुढं सरकवलं.

"चूक सांगा."

त्यानं जेमतेम पाहिलं. "एक डोळा शिरूरला, एक दौंडला."

"मग तवा का न्हाई सांगितलं?"

"तवा दिसलीच न्हाई." तो भिंगाशी चाळा करत राहिला. "फोटोत तुमचा हात व्हता… मूर्ती कोण बघतंय? त्या दिवशी भेटलो, तवापास्नं असंच हाय. तुम्ही आवडता मला, पूनम. आता तुमचं समदं चांगलंच दिसतं. माझं मत काय कामाचं न्हाई… तुम्ही दुसरं कुणीतरी बघा."

पूनमनं भिंग त्याच्या हातातून काढून घेतलं. इतकं सुख, आणि वर हे असलं बोलणं.

"दुसरं कुणी नको," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच पायजे. आन् चुकाबी पायजेत."

तो मूर्ती घेऊन दाराशी गेला. लुगड्याचा निळा जाड बसलाय, म्हणाला. काठ पुसट झालाय. कोपराची सावली उलटी पडलीय… पूनम त्याच्या खांद्याशी येऊन ऐकत उभी राहिली. तिच्या कामाला इतकी नावं आजवर कुणी ठेवली नव्हती, आणि त्यानं थांबू नये असं तिला वाटत होतं.