आतली लेन

आठशे मीटर ही सगळ्यात अवघड शर्यत आहे, असं मी दरवर्षी नव्या पोरींना सांगते आणि दरवर्षी त्या माझ्याकडे, मॅडमना दुसरं काही सुचत नाही वाटतं, अशा नजरेनं बघतात. शंभर मीटरला डोकं लागत नाही. पाच हजारला घाई लागत नाही. आठशेला दोन्ही लागतं, आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर दोन्ही संपलेलं असतं. तिथून पुढे जी पळते ती खरी.

मी ज्ञानेश्वरी, जामखेडच्या शाळेत खेळाची शिक्षिका. आमच्या मैदानाचा ट्रॅक मुरमाचा आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी पाणी मारून रोलर फिरवायचा आणि सकाळी पांढरी फक्की टाकून लेनच्या रेघा आखायच्या, एवढंच आमचं वैभव. एका बाजूला लांब भिंत आहे आणि तिच्यावर श्रीमंत पेंटरनं तालुक्याचे विक्रम रंगवलेत. एका शर्यतीला एक ओळ. नाव, वेळ, वर्ष. विक्रम मोडला की श्रीमंत जुन्या ओळीवर पांढरा हात मारतो आणि नवं नाव लिहितो. जुनं नाव कुठे जात नाही, फक्त दिसत नाही.

मुलींच्या आठशे मीटरच्या ओळीवर गेली वीसेक वर्षं पांढरा हात फिरलेला नाही. तिथे लिहिलंय, स्टेला दानीएल भिंगारदिवे.

स्टेला आणि मी एकाच वर्गात होतो, एकाच सरांकडे पळायचो. सहादेव सर. ती पहिली यायची आणि मी दुसरी, आणि याचं मला वाईट वाटायचं नाही हे कुणाला खरं वाटत नाही. तिच्या मागे पळायला मजा यायची, झालं. आठशे मीटरमध्ये पहिलं वळण आपापल्या लेनमधून पळायचं असतं. मग सगळ्या जणी आत घुसतात, कारण आतली लेन सगळ्यात जवळची. कुणाला मागे टाकायचं तर बाहेरून वळसा घालावा लागतो. स्टेलाला वळसा मान्य नव्हता. ती पुढच्या पोरीच्या अगदी खांद्यामागे यायची आणि हळूच म्हणायची, "सर."

आणि पुढची सरायची. मी तर किती वेळा सरले असेन. धमकी नसायची त्यात. एस.टी.त शेजारची बाई जरा जागा मागते ना, तसा आवाज. पाय आपोआप बाहेर पडायचा आणि ती आतून निघून जायची.

तिच्या विक्रमानंतरच्या जानेवारीत मैदानावर यात्रेचे पाळणे उभे होते, म्हणून आम्ही दोघी सकाळी खर्डा रस्त्यावर सरावाला गेलो होतो. ज्वारीची शेतं, थंडी, रस्ता मोकळा. मी पुढे होते. ती मागून आली आणि म्हणाली, "सर." मी सवयीनं कडेच्या मुरमावर उतरले. ती माझ्या जागी आली. मागून उसाची ट्रॉली आली, ट्रॅक्टरवाल्याचा डोळा लागला होता.

तिनं ट्रॅक्टर बघितला होता, की नेहमीसारखी पुढे जायला बघत होती? मी हे स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता प्रश्नाचाच कंटाळा येतो, पण प्रश्न जात नाही.

राज्य स्पर्धेला जायच्या आधीच ती गेली. तिच्या कबरीवरचा लाकडी क्रॉस वाळवीनं खाल्ला. तिचं नाव आता एकाच ठिकाणी वाचता येतं, मैदानाच्या भिंतीवर.

दर जानेवारीला आम्ही तिच्या नावानं मुलींची आठशे मीटर भरवतो. शेवटच्या रेषेवरची लाल रिबीन दोघी जणी धरतात. एक टोक तिची आई, हन्नाबाई, आणि दुसरं मी. दोन बोटांत सैल धरायची, म्हणजे पोरीच्या छातीला लागली की सुटते. आमच्याकडे तिघा घड्याळवाल्यांची नजर त्या रिबिनीवर असते. रिबीन सुटली की घड्याळाचं बटण दाबायचं, ही सहादेव सरांची जुनी पद्धत. पुस्तकात ती नाही, पण जामखेडात तीच चालते.

आता मुद्द्याचं. मी भुताखेतावर विश्वास ठेवणारी बाई नाही. पोरींनी परीक्षेच्या दिवशी लिंबू बांधलं तर मी ते त्यांच्याच सरबतात पिळायला लावते. तरी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपत होती. या शर्यतीत जी पोरगी पुढे असते, विक्रमाच्या बेतात असते, ती शेवटच्या वळणावर बाहेर जाते. आतली लेन सोडून देते. तिथेच ती मागे पडते. दरवर्षी वेगळी पोरगी, वळण तेच.

मी आधी म्हटलं, उतार असेल. लेव्हल करून घेतली. मग म्हटलं, मुरूम भुसभुशीत असेल. रोलर जास्त फिरवला. गेल्या वर्षी हरलेल्या पोरीला विचारलं तर ती म्हणाली, "मॅडम, मागून कुनीतरी सर म्हनलं." मी तिला चांगलीच झापली. मैदानावर शंभर पोरं सहादेव सरांना सर, सर म्हणून हाका मारतात, तू पळताना कशाला लक्ष देतेस? त्याआधीच्या पोरीही असंच काहीतरी म्हणाल्या होत्या, तेही मी असंच उडवून लावलं होतं.

यंदा माझ्याकडे दिशा आहे. दिशाच्या पायात काय आहे देव जाणे, तिला पळताना बघितलं की मला अजूनही जागेवर उभं राहवत नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. "मॅडम, त्या भितीवर माझं नाव लागलं ना, तर आमचा आजा रोज दूध घालाया येताना थांबून वाचंल." मला तिचा विक्रम हवा होता. आणि ते दुसरं नाव पुसायला नको होतं. दोन्ही एकाच वेळी हवं असणं मूर्खपणाचं आहे, हे मलाही कळत होतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी दिशा एकटी पळत होती. मैदानावर ती आणि मी, तिसरं कुणी नाही. शेवटच्या वळणावर ती बाहेर गेली.

मी पळत तिच्याकडे गेले. "आतली का सोडलीस?"

"मागून सर म्हनलं की, मॅडम."

"कुणाला? सर आज आलेच नाहीत."

"मला म्हनलं."

"तुला कोण कशाला सर म्हणेल?"

दिशा एखाद्या लहान पोराला सांगावं तसं म्हणाली, "मॅडम, सर म्हंजी बाजूला सर."

इतकी वर्षं पोरी मला तेच सांगत होत्या. मी शाळेतली बाई, मला तो शब्द ऐकला की हातात छडी घेतलेला माणूसच दिसणार.

मी कुणाला काही बोलले नाही. पण दिशाला तंबी दिली. काही झालं, काही ऐकू आलं, तरी आतली लेन सोडायची नाही. "कुनी म्हनलं तरी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, कुणीही.

शर्यतीच्या दिवशी मैदान फुलून गेलं होतं. हलगी, भज्यांची गाडी, भिंतीवर चढून बसलेली पोरं. हन्नाबाई पांढरी साडी नेसून आल्या, आधी भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, तिथून दिशाकडे गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"पळ बाई. नाव पुसलं तर पुसलं. म्या रडत बसनार न्हाई."

पण रिबीन धरली तेव्हाही त्यांची नजर भिंतीकडेच जात होती. वारा आमच्या पाठीमागून, पळणाऱ्या पोरींच्या तोंडावर जात होता. माझी ओढणी सारखी पुढे उडत होती, म्हणून मी ती कमरेला बांधली.

बार झाला. पहिल्याच वळणानंतर दिशा आत घुसली आणि पुढे झाली. पहिली फेरी संपली तेव्हा सहादेव सरांनी घड्याळ बघून माझ्याकडे बघितलं आणि भुवया वर केल्या. त्यांना इतकं खूश मी फार दिवसांत बघितलं नव्हतं. घंटा वाजली. लोक उभे राहिले. हलगीवाला हलगी वाजवायची विसरून नुसता ओरडत होता. दिशाच्या मागे कुणीच नव्हतं, दुसरी पोरगी पार अर्धं वळण मागे. मी रिबिनीचं टोक धरून जागच्या जागी उड्या मारत होते, आणि मला लाज वाटत नव्हती.

दिशा शेवटच्या वळणावर आली.

मला तिचा चेहरा दिसला. ती ऐकत होती. पळता पळता माणूस ऐकतो तेव्हा मान जराशी कलते, तशी तिची मान कलली.

पाय बाहेर पडला नाही. ती फक्कीच्या रेघेला चिकटून राहिली.

आणि तेव्हा, इतक्या उशिरा, माझ्या लक्षात आलं की मी काय सांगून बसले होते. त्या सकाळी मी सरले म्हणून मी आहे. मी या पोरीला सांगितलं होतं, सरू नकोस.

"दिशा, सर!" मी ओरडले. "बाजूला सर!"

माझा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही.

ती वळण संपवून सरळ रेषेत आली. अजून आत, अजून एकटी. तिचे डोळे मात्र समोर नव्हते. ती उजवीकडे बघत होती, बाहेरच्या बाजूला, आणि दात आवळून पळत होती. पुढे कुणी असल्यावर पोरगी पळते तशी.

माझ्या बोटांतून रिबीन गेली.

दिशा अजून चांगली पाच-सहा पावलं मागे होती. रिबीन ओढली गेली, बोटाला चटका बसला. माझी ओढणी पोटाशी फडफडत होती, वारा पाठीवर होता, आणि रिबीन वाऱ्याच्या उलट, आमच्या मागे, छातीच्या उंचीवरून गेली. थोडी लांब गेली आणि मुरमावर पडली.

मग दिशा आली.

सगळ्यांचे डोळे दिशावर होते. हन्नाबाई सोडून. त्या रिबीन पडली तिकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

माईकवरून वेळ जाहीर झाली. विक्रम मोडला होता, तिन्ही घड्याळं एकाच आकड्यावर. फटाके लागले, लोक आत घुसले. दिशाचा आजा धोतर सावरत कुणाच्या तरी गळ्यात पडत होता. मी वाट काढत दिशापर्यंत पोचले. ती गुडघ्यांवर हात टेकून उभी होती आणि रडत होती.

"मॅडम, दुसरी आले."

"पहिली आलीस गं."

"न्हाई. मी सरले न्हाई. तुमी सांगितलं म्हनून. मग ती बाहेरनं गेली." तिनं श्वास घेतला. "लई मस्त पळती, मॅडम."

तिनं मनगट पुढे केलं. तिच्या हातात स्वतःचं घड्याळ होतं, रेषा ओलांडताना स्वतः दाबलेलं. त्यावरची वेळ स्टेलाच्या जुन्या विक्रमाच्या जराशी मागे होती. तिघांच्या घड्याळांपेक्षा तर बरीच मागे.

सहादेव सर आले. त्यांनी दिशाचं घड्याळ बघितलं, हातातलं बघितलं. "वाऱ्यानं रिबीन सुटली आसंल," ते म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या ओढणीवर गेली, ती अजून शर्यतीच्या उलट्या दिशेला फडफडत होती.

भिंतीपाशी श्रीमंत पेंटर पांढऱ्या रंगाचा डबा उघडून ब्रश बुडवत होता. लोक मोबाईल वर धरून उभे होते. दिशा गर्दीतून गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"माझं नाव नका लिहू," ती म्हणाली. तिचा आजा काहीतरी बोलायला आला, पण तिनं ऐकलं नाही. "पुढच्या साली लिहा. खरं आल्यावर."

श्रीमंतला काही कळेना. "पर आकडा तर बदलला ना? माईकवर सांगितलं. मग नाव कुनाचं?"

हन्नाबाई हळूहळू आल्या. त्यांच्या हातात गोळा केलेली रिबीन होती. त्यांनी भिंतीवरच्या नावाला एकदा हात लावला, तेव्हा बोटांवर चटक्याचा लाल पट्टा मला स्पष्ट दिसला. माझ्या बोटांवरही तोच होता.

"नाव ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आकडा तेवढा बदल."

श्रीमंतनं सरांकडे बघितलं. सरांनी मान डोलावली. त्यानं जुन्या आकड्यावर पांढरा हात मारला, फुंकर घालून वाळवला, आणि नवा लिहिला. मग ब्रश तसाच धरून थांबला.

"आन् साल कोनतं टाकू?"

"यंदाचंच," हन्नाबाई म्हणाल्या.