मुखरूच्या रायफलीवरचा नंबर

नळीवर नंबर ठोकायचा राहिला, म्हणून मी आलापल्लीला निघालो. काम एवढंसं. हातोडीचे दोन ठोके.

चांद्याला माझं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. साल चोपन्न. लष्करी रायफलीची काडतुसं खाजगी माणसाला मिळत नसत, म्हणून लोक तिची नळी आतून खरवडून, मोठी करून दुकानात मिळणारं जाड काडतूस तिच्यात चालवत. मुखरू तशीच एक घेऊन आला. त्याच्या बायकोला, कमळाला, वाघाने नेलं होतं, आणि आता तोच वाघ रोज दिवेलागणीला त्याच्या अंगणात येऊन बसत होता. घरात सात वर्षांची सुकरी.

"भाऊ, पोरगी दार उघडाले धावते," तो म्हणाला. "आई आली म्हणते."

पोरीला शेजारच्या सोमारीबाईकडे ठेवून तो नऊ दिवस माझ्या पायरीवर बसला. त्याचं तोंड बघवत नव्हतं. मी घाई केली, आणि तिथेच शेण खाल्लं. नवी काडतुसं दिली, पण नळीवर काडतुसाचा जुनाच नंबर राहिला. जुनं काडतूस मोठ्या केलेल्या नळीत ढिलं बसतं. उडवलं की फुटतं आणि आग उलटी डोळ्यांत येते. मुखरूकडे जुनी, लष्करी, दोन उरली होती. त्याला अक्षर येत नव्हतं, तो आकडा जुळवूनच भरणार.

सागाच्या खेपेला जाणारा रिकामा ट्रक मिळाला. आलापल्लीपासून पुढे दोन कोस पायी. ऊन कलतं होतं. पायाखाली सागाची वाळकी पानं पापडासारखी मोडत होती. वळणावर दगडांचा ढीग दिसला. वाघाने माणूस नेलं, की त्या जागी येणारा-जाणारा एक दगड टाकतो, मेलेल्याने जागा सोडून त्याच वाघावर बसून घरी येऊ नये म्हणून. मीही कमळाच्या नावाने एक टाकला.

"मिस्त्रीभाऊ..."

मागे एक बाई उभी होती, तोंडावर पदर. एवढ्या पानांतून ती आली कशी, एक पान वाजलं नव्हतं.

"नंबर जुनाच हाय ना?... राहू द्या."

"तू कोण, बाई?"

"दोनच ठोके हायेत. नका मारू..."

वाघाच्या मुताचा उग्र वास आला. मी पळत सुटलो. इतका घाबरलो होतो की रडू येत होतं.

मुखरू अंगणासमोरच्या मोहाच्या झाडावर मचाण बांधून बसला होता. सुकरी घरात कोंडलेली. मी वर चढून रायफल उघडली. आत जुनंच काडतूस! ते काढून नवं भरलं, तोच खाली पानं वाजली.

वाघ आला. मान खाली दबलेली, ओझं वाहणाऱ्या बैलाची असते तशी.

"आई!" आतून सुकरी ओरडली आणि दार बडवू लागली.

मुखरूने नेम धरलेली रायफल खाली घेतली. "भाऊ... ते बसून हाय त्याच्यावर... मले दिसून राह्यली..."

मला फक्त वाघ दिसत होता. "मार," मी म्हणालो. "पोरीसाठी मार."

एकच बार. वाघ जागेवर पडला. मुखरू मचाणावरच हमसून हमसून रडला. खाली उतरल्यावर मी कंदिलाजवळ बसून नंबर ठोकला.

सकाळी निघताना सुकरी अंगणात आली. दोन घट्ट वेण्या, तेल कपाळावर ओघळलेलं. मुखरू बघतच राहिला.

"वेणी कोणं घातली, बाई?"

"आईनं," ती आनंदाने म्हणाली. "आता ते कुठीच जाणार नाई म्हणे. वाघच नाई, त कोणावर बसून जाईन?"

मुखरूने रायफल माझ्या हातात कोंबली. "भाऊ, हे पयल्यासारखी करून द्या... तुमच्या पाया पडतो."

खरवडून काढलेलं लोखंड परत कुठून आणू, आणि मेलेला वाघ?

सुकरी माझ्या बोटाला धरून उभी होती. घरात कोणी नव्हतं. आणि आमच्या डोळ्यांदेखत दार हळूच लागलं, आतून कडी सरकली.