हजेरीत गाळलेलं नाव

पळसदरीच्या वरच्या डोंगरावर वरद चढला तो तसा साध्याच कामाला. हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाचा रिपीटर तिथल्या खोलीत होता. खालच्या हँडसेटचा क्षीण आवाज पकडायचा आणि जोर देऊन लांबवर पोचवायचा, एवढंच त्याचं काम. तो जोर देणारा भाग, म्हणजे पॉवर अँप्लिफायर, जळला होता. पावसाळ्यात दऱ्यांमध्ये मोबाइल लागत नाही. वाट चुकलेल्यांचा शोध या रिपीटरच्याच भरवशावर चालतो. पिशवीतला नवा अँप्लिफायर जळला, तर मंडळाकडे दुसरा नव्हता.

खोलीची किल्ली डोंगराखाली राहणाऱ्या भिवाजीकडे असायची. त्याने दार उघडलं, पण आत पाऊल टाकलं नाही.

"तो लाल दिवा बगा. दत्तोपंत सायेब गेल्यापास्नं इजत नाय."

दत्तोपंतांनीच हा रिपीटर उभा केला होता. महिन्यापूर्वी ते वारले.

आत करपलेल्या वार्निशचा वास होता. लाल दिवा पेटलाय म्हणजे कुणीतरी हँडसेटचं बटण दाबून धरलंय. अखंड चालू राहून अँप्लिफायर जळला तो यानेच. वरदने जळका भाग काढून बाजूला ठेवला आणि स्पीकर लावला. खरखरसुद्धा नाही. कुणी बोलण्याआधी थांबावं, तशी शांतता.

घाबरून निघून जावं, असा शहाणपणा वरदकडे कधीच नव्हता. त्याने अँटेनाची वायर सोडवली. आता बाहेरचं काही आत येणार नव्हतं; दिवा विझायलाच हवा होता.

विझला नाही.

खाली घाटात मालगाडी कण्हत चढत होती. वरदचं डोकं मात्र चालूच होतं. त्याने वायर परत जोडली आणि कर्जतला दत्तोपंतांच्या पत्नीला, सुनीतीकाकूंना, फोन लावला. दत्तोपंतांच्या मागे संध्याकाळची हजेरी त्याच घेत. रेडिओवर पहिलं नाव त्यांनी पुकारायचं; मग ज्याने त्याने हजेरी देऊन पुढच्याचं नाव घ्यायचं. कुणी वारलं, की त्याचं नाव एकदा शेवटचं पुकारून, क्षणभर थांबून, मग ते वगळायचं, असा मंडळाचा रिवाज.

"काकू, काकांचं नाव शेवटचं पुकारलंत?"



"नाही रे… तोंडातून निघेचना. गाळलं मी."

"आत्ता पुकारा. नाहीतर हा नवा अँप्लिफायरही जळेल, काकू. पावसाळा तोंडावर आलाय."

फोन बंद झाला. थोड्या वेळाने स्पीकरमधून काकूंचा आवाज आला, कापरा, पण खणखणीत. "दत्तोपंत…"

दिवा विझला.

वरदने सुटकेचा निःश्वास टाकला आणि नवा अँप्लिफायर मांडीवर घेतला. इतक्यात फोन वाजला.

"वरद, छान बसलाय रे नवा अँप्लिफायर! केवढा स्वच्छ आवाज आला!"

"कुणाचा?"

"त्यांचा. हजेरी दिली त्यांनी… आणि नेहमीसारखं पुढचं नाव घेतलं. तुझं."

वरदने खाली पाहिलं. अँप्लिफायर मांडीवरच होता. त्याच्यावरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

समोर लाल दिवा पुन्हा पेटला.

"दे ना रे उत्तर," काकू रडत रडत हसत होत्या. "थांबलेत ते…"